रानहळदीची खूण

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात गणेशपुरीच्या डोंगरावर मी फुललेली रानहळद कंदासकट खणत होते. आधी घरी नेलेले दोन कंद मेले होते. गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि भारा उतरवून बघत राहिली.

"बाय, फुलात असताना काढतेस? बालंतिनीला कोन घर बदलाया लावतो?"

माझ्या हातातलं खुरपं काढून घेऊन तिने माती परत दाबली. पदराची चिंधी फाडून शेजारच्या करवंदीला बांधली.

"पान वालल्यावर ये. तवा कंद झोपलेला असतो."

दिवाळीनंतर गेले. उतारावर रानहळदीचं पानही उरलं नव्हतं. चिंधीजवळ खणलं आणि कंद मिळाला. पुढच्या श्रावणात नारपोलीला माझ्या गॅलरीत, पत्र्याच्या डब्यात रानहळद फुलली.

त्या बाईला हे सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा आठवेना. तेव्हा मी सगळा वेळ फुलाकडेच पाहत होते.