डोलणारी जमीन

नवऱ्याबरोबर चार दिवस शिडाच्या होडीत काढून आज मी अंदमानातल्या एका लहानशा बेटावर उतरले, आणि जमीन डोलायला लागली. मी चटकन माडाला धरलं. शहाळी विकायला बसलेली बाई बघत होती, पण हसली नाही. एक शहाळं फोडून तिने माझ्या हातात दिलं आणि हिंदीत म्हणाली, “बसा जरा. समुद्रातून आलं की होतं असं.”

गंमत म्हणजे होडीत मला काही होत नाही. भांडी घरंगळतात, शीड फडफडतं आणि मी गाढ झोपते. घरी मात्र काहीच हलत नाही, तिथे मला तासभर एका खुर्चीत बसवत नाही. उगाच कपाटं आवरते, पडदे बदलते, नकाशे पसरते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. मला वाटतं, पाय बिचारे बरे आहेत. आतच काहीतरी डोलत असतं, आणि बाहेरचंही डोलू लागलं की दोन्हींचा मेळ बसतो.

“तुम्हालाही झालं होतं असं?” मी बाईला विचारलं.

“लग्न होऊन इथे आले तेव्हा. जहाजातून उतरले ती कितीतरी दिवस डोलतच होते.”

“मग थांबलं कधी?”

तिचा कोयता क्षणभर हवेत राहिला. “थांबलंच असेल,” ती म्हणाली. “बघायला वेळ कुठे मिळाला?”

शहाळं संपलं. पायाखालची वाळू आता अगदी स्थिर झाली होती, घरच्या फरशीसारखी. नवरा विहिरीवर पाण्याचे कॅन भरत होता. मी घाईघाईने उठले आणि त्याला हाक मारली, “आटप, निघू या.”