सावलीचा धडा

केडगावातल्या त्या लहानशा चर्चच्या अंगणाला मावळतीकडं एक भिंत आहे. नाताळ जवळ आला की तिला चुना लागतो, तो शांतवन मास्तरांच्या हट्टापायी. एक्केचाळीस वर्षं मास्तरांनी तिच्यासमोर रविवारची शाळा भरवली आणि दरवर्षी नाताळाच्या आधल्या रविवारी सावलीचा धडा घेतला.

सकाळचं कोवळं ऊन पाठीवर घेऊन पोरं भिंतीकडं तोंड करून बसायची. मागं बघायचं नाही, एवढीच अट. मागून मास्तरीणबाई, म्हणजे भामाबाई, चालत यायच्या. खांद्यावर मोळी घेतली की भिंतीवर बायबलातला, होमाची लाकडं वाहणारा इसहाक उभा राहायचा. काठीला सुंभ गुंडाळलं की मोशेनं उंच केलेला पितळी साप.

भिंतीशी उभे मास्तर विचारायचे, "कोण येतंय?"

पोरं नाव घ्यायची. मग मास्तर म्हणायचे, "बापाच्या शब्दाखातर आपलंच सरण वाहणारा ल्योक. ही नुसती सावली हाय बरं. सावली आधी येते, क्रूस वाहणारा ख्रिस्त मागून. आता वळा."

पोरं मोठ्या आशेनं वळायची, तर मागं घामेजलेल्या मास्तरीणबाई. हशा पिकायचा.

एकदा लहानग्या शुभांगीनं अडवलं होतं, "पर मास्तर, इसहाक तर वाचला. बापाची सुरी ऐनवेळी मेंढ्यावर चालली. मग तो कसली सावली?"

मोळीखालून भामाबाईच बोलल्या, "सावलीला कुठं लागतंय गं? लागतं ते मागून येनाऱ्याला."

घरी जाताना मास्तर म्हणाले, "भामे, हे मला आधी न्हाई सांगितलंस."

"तुमी इचारलं कवा? तुमाला पोरांची तोंडं दिसत्यात, मला निस्त्या माना. कुनाच्या डोस्क्यात उवा हायेत तेवढं इचारा, सांगते."

गेल्या उन्हाळ्यात भामाबाई गेल्या. आता शाळा शुभांगीच चालवते. डिसेंबर लागला तशी ती मास्तरांच्या दारात आली.

"धडा संपला, पोरी," मास्तर म्हणाले. "मोळी घ्यायला मानूस न्हाई राहिलं."

"मी घेते की."

"तू नगं."

शुभांगी उंबऱ्याशी जरा थांबली. "मास्तर, मी इचारलं म्हणून मला उत्तर घावलं. या पोरांनी कुणाला इचारायचं?"

मास्तर आत वळले. रविवारी मात्र आले. भिंतीकडं गेले नाहीत. "तू फुडं हो," असं शुभांगीला म्हणून मागच्या सरपणाच्या ढिगाकडं वळले. भामाबाईंच्या लुगड्याची घडी खांद्यावर टाकली, वर बाभळीची मोळी घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच ते या बाजूला उभे होते.

समोर अकरा माना. एकीची रिबीन सुटलेली, एकाची कॉलर आत दुमडलेली, एकाच्या कानामागून खोबरेल ओघळलेलं. तोंड एकाचंही दिसेना. एक्केचाळीस वर्षं भामेनं एवढंच पाहिलं. भिंतीवर सावली चढली की पोरांचे डोळे कसे मोठे होतात, ते तिला कधी दिसलंच नाही. आणि इसहाकाला तरी कुठं दिसलं होतं, आपण कुणाची सावली आहोत ते?

मास्तर चालू लागले.

"कोण येतंय?" शुभांगीनं विचारलं.

"इसहाक," चार-पाच जणं म्हणाली.

"न्हाई," सर्वांत धाकटी म्हणाली, "भामाआजी हाय. पदर बघा की."

घडी सुटून लुगड्याचा शेव वाऱ्यावर हलत होता. भिंतीवरही हलत होता. शुभांगीनं पोरांच्या डोक्यांवरून मास्तरांकडं पाहिलं, वळू देऊ का, असं. मास्तरांनी हातानंच थांबवलं.

बाभळीचा काटा खांद्यात रुतला. भिंतीवरच्या सावलीला काही झालं नाही. ती मोळी घेऊन निवांत उभी होती, आणि मास्तर तिच्याकडं बघत होते.

मग ते म्हणाले, "वळा आता."