मद्रासचा फोन आणि लेट मी

फोन वाजला तेव्हा ऑफिसात मी एकटी होते. शेठजी पारोळ्याच्या मार्केटला तूर बघायला गेलेले. टायपिस्ट रहीमचाचा शुक्रवार म्हणून नमाजला गेलेले. रिंग लांबलचक होती, आणि लांब रिंग म्हणजे बाहेरगाव, आणि आमच्याकडे बाहेरगाव म्हणजे बहुतेक मद्रास. मद्रासवाले साहेब, आमची डाळ घेणारी मोठी पार्टी, हिंदी बोलत नाहीत. मराठीचं तर नावच नको.

आधी मी कोण ते सांगते. मी जळगावात एका डाळमिलच्या ऑफिसात फोनवर बसते. ऑपरेटर म्हणतात, पण बोर्ड काही मोठा नाही. दोन लाइनी आहेत, फोन घ्यायचा आणि बटण दाबून शेठजींना नाहीतर गोडाऊनला द्यायचा. शिक्षण नववी, तीही नापास, इंग्रजीतच. धुळ्याची मिल बंद पडली, ह्यांचं काम गेलं, म्हणून आम्ही इथे जळगावला पिंप्राळ्यात खोली घेतली. पोरगी तेव्हा रांगतही नव्हती. तिला सासूबाईंपाशी टाकून मी कामाला लागले, ते पण ट्रायलवर. ट्रायल म्हणजे जमलं तर ठेवू, नाही जमलं तर घरी. घरात दुसरा पगार नव्हता. ही नोकरी टिकायलाच पाहिजे होती.

पहिल्याच दिवशी शेठजी म्हणाले, "तुझ्या आधीची पोरगी फोनवर सारखी येस सर, येस सर करायची. समजलं नाही की येस सर. बंगलोरच्या पार्टीला असंच येस सर केलं, आणि त्यांनी नको म्हटलेला ट्रक त्यांच्याच दारात जाऊन उभा राहिला. तू असं करणार नाहीस ना?"

"येस सर," मी म्हटलं. भीतीनं निघून गेलं हो तोंडातून.

शेठजींनी कपाळाला हात लावला.

रहीमचाचांनी ते ऐकलं. चाचा आधी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, रिटायर झाल्यावर आमच्याकडे टायपिंगला येतात. शेठजी आत गेल्यावर त्यांनी मशीन थांबवलं.

"इधर आ बेटी. हे बघ, येस म्हणजे तोंडानं केलेली सही. वाचल्याशिवाय कोणी सही करतं का?"

"नाही."

"मग तुला सगळं इंग्रजी नको. एकच धर. लेट मी. म्हणजे मला करू द्या. त्याच्यापुढे जे काम असेल ते लाव. लेट मी सी, मला बघू द्या. लेट मी आस्क, विचारू द्या. लेट मी राइट, लिहू द्या. लेट मी रिपीट, ऐकलं ते परत म्हणून दाखवू द्या. साहेब कितीही घाईत असला तरी असं म्हटलं की थांबतो."

"नाही थांबला तर?"

"तो फिर से बोल. फुकट आहे."

मग मी घरी तेच घोकत बसले. भाकरी थापताना लेट मी सी, भांडी घासताना लेट मी आस्क. सासूबाईंना आम्ही आक्का म्हणतो. आक्का उंबऱ्यावरून ओरडायच्या, "कोनशी बोली ऱ्हायनी वं?"

"इंग्रजी शिकतेय आक्का."

"मंग तुनी इंग्रजीले सांग, पोर रडी ऱ्हायनी."

पोरीला घेतलं की ती आधी पदरच ओढायची. मी तिला म्हणायची, लेट मी सिट बाई, आधी बसू तर दे. ह्यांनाही चाळा लागला. ताट वाढायच्या आत पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "लेट मी ईट." काम सुटल्यापासून घरात पहिल्यांदा हसू आलं ते ह्याच्यावर.

तर मी रिसीव्हर उचलला. मद्रासचेच साहेब. पोतं फाटलं की डाळ कशी एकदम सांडते, तसं त्यांचं इंग्रजी सांडायला लागलं. नुसतं ट्रक, ट्रक ऐकू येत होतं. येस सर जिभेच्या टोकावर आलं होतं, खरं सांगते, अगदी टोकावर. ते गिळलं आणि म्हटलं, "लेट मी राइट, सर."

साहेब खरंच थांबले. मग सावकाश बोलायला लागले, माझ्या पेन्सिलीच्या चालीनं. ट्रक. नो. स्टॉप. गोडाऊन. वॉटर. हेवी रेन.

"लेट मी रिपीट, सर. युवर गोडाऊन, वॉटर. ट्रक नो. ट्रक स्टॉप."

"करेक्ट! करेक्ट! स्टॉप!" साहेब ओरडले, आणि लाइन कटली.

खिडकीतून बघितलं तर मद्रासचा ट्रक गेटजवळच उभा. ताडपत्री टाकलेली, दोर आवळलेला, ड्रायव्हर चहा पीत होता. मी चप्पल न घालताच पळाले.

गोडाऊनला नाना असतात. माल भरणं, गाड्या काढणं त्यांच्याकडे. मी म्हटलं, "नाना, गाडी थांबवा."

"कोन सांगस?"

"मद्रासचे साहेब. त्यांच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलंय."

"तुले सांगं त्यासनी? शेठ सांगी गयात, दुपारले गाडी काढ. मी शेठनं ऐकू का तुनं?"

हमाल हसले. एक म्हणाला, "कालनी पोर आनी गाडी थांबाडस!"

मला चुकीचं समजलं असेल तर? गाडी थांबली आणि मद्रासला माल पाहिजेच असला, तर ट्रायल संपली. गाडी गेली आणि तिकडे पाण्यात उभी राहिली, तरी ट्रायल संपली. गेली तरी माझ्यावर, थांबली तरी माझ्यावर. ड्रायव्हरचा चहा संपत आलेला.

आणि माझ्या तोंडून निघालं, "नाना, मी गाडी थांबवत नाही. मला फक्त शेठजींना विचारू द्या. ड्रायव्हरभाऊंना अजून एक चहा पाजा, तेवढ्यात विचारते."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. लेट मी आस्क. मराठीत. विचारू द्या मला, असं मी आजवर कोणाला म्हटलंच नव्हतं. माहेरी नाही, सासरीही नाही. एकतर हो म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं, मला ह्या दोनच गोष्टी येत होत्या.

नाना म्हणाले, "विचार बापा. पन च्या तुना नाववर."

पारोळ्याला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल. ट्रंक कॉल म्हणजे आपण एक्सचेंजला नंबर सांगायचा, मग तिथल्या बाई जोडून देतात, कधी लगेच, कधी संध्याकाळी. अर्जंट सांगितलं की आपला नंबर रांगेत पुढे जातो. मी अर्जंट सांगितलं.

"लाइन बिझी आहे," एक्सचेंजच्या बाई म्हणाल्या.

"ताई, मला एकदाच बोलू द्या. ट्रक निघतोय."

"ड्रायव्हर नवरा आहे का तुमचा?"

"नाही ताई. नोकरी आहे."

"बरं. धरा, ठेवू नका."

अडत्याच्या दुकानात फोन लागला. कोणीतरी शेठजींना बोलवायला गेलं. मला फोनमधून लिलावाचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि खिडकीतून ट्रक दिसत होता. ड्रायव्हरचा दुसरा चहा अर्धा झालेला. शेठजी आले. मी एका दमात सगळं सांगितलं.

"तुला नक्की समजलं?"

येस सर म्हणायची हीच जागा होती. मी म्हटलं, "सगळं नाही समजलं शेठजी. पण समजलं तेवढं परत म्हणून दाखवलं. ते करेक्ट म्हणाले."

"आणि तू चुकली असलीस तर?"

तेवढ्यात तीन मिनिटांचा कॉल संपत आल्याची पीप वाजली. शेठजी म्हणाले, "नानाला दे."

मी बटण दाबलं. काय बोलले माहीत नाही. नाना बाहेर आले, ड्रायव्हरला हात केला, आणि हमाल शिव्या देत दोर सोडायला लागले. त्या शिव्या मलाच होत्या.

चाचा नमाजहून आले तर मी रडतेय.

"क्या हुआ?"

"चाचा, मी गाडी थांबवली."

"येस बोलके?"

"नाही. लेट मी म्हणून."

"तो फिर रोती क्यूं है? तोंड धू." आणि ते टाइप करायला बसले.

दुसऱ्या दिवशी शेठजी माझ्याशी बोलले नाहीत. मीही मान खाली घालून बसले. मग लांब रिंग वाजली. मद्रासचे साहेब. ह्या वेळी सावकाश बोलले. "लेट मी थँक यू," म्हणाले.

मी बघतच राहिले. एवढे मोठे साहेब, आणि आभार मानायला मला विचारतात!

मी फोन शेठजींना दिला. बराच वेळ बोलून ते बाहेर आले. मद्रासला गोडाऊनमध्ये गुडघाभर पाणी होतं, दुसऱ्या मिलचे ट्रक रस्त्यावर भिजत उभे होते. शेठजी मला शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. दारातून ओरडले, "नाना, कालचा ड्रायव्हरचा चहा ऑफिसच्या खात्यात टाका. आणि ह्या बाईला एक खुर्ची बघा, हिची मोडकी आहे."

खुर्ची बघा म्हणजे ट्रायल संपली, हे मला चाचांनी समजावून सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी आले. आक्कांनी रोजच्यासारखी पोरगी माझ्या मांडीवर ठेवली आणि पिठाचा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं, "आक्का, मला आधी जरा टेकू द्या. मग भाकरी टाकते."

आक्कांनी डबा मागे ओढला.

"मंग टेक ना वं," त्या म्हणाल्या. "ना कोन म्हनस तुले?"

खरंच. कोणी नाही म्हटलंच नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.