हजारातलं एक पान

"पदर झटक," क्लासच्या मॅडम म्हणल्या.

मला वाटलं अंगावर पालबिल पडली. मी झटकला. मंग म्हणल्या, "कमरंला खोचलाय तो बी काढ." तवा कळलं. माझी झडती चालली होती. जिन्यापासून दारापर्यंत पालकांची रांग, बाप्ये बी त्यातच, समदे बघत होते. मी खोचलेला पदर सोडला. काय निघलं न्हाई. मंग त्यांनी माझ्या पोरीचं दप्तर उचललं आन् फरशीवर उलटं केलं. वह्या, डबा, कंपासपेटी. कंपासपेटीतलं रबर सुदीक दाबून बघितलं. माझी सोनी दहा वर्षांची. रडली न्हाई. नुसती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. आन् मी खाली बघितलं.

"तीनशे चौतीस पोरं बसणार हायेत," मॅडम म्हणल्या. "पेपरचे सेट तीनशे तेहेतीस. शेवटच्या सेटाचं पहिलं पान हितं टेबलावर, बाकीची दोन कुठं गेली? पोरीसाठी ढापली ना?"

मला बोलायचं होतं. मी टेबलावरच्या त्या एकल्या पानाकडं बघत ऱ्हायले.

लातुरातल्या त्या क्लासात मी झाडायचे, पाणी भरायचे. परीक्षा असली की पेपरची पानं लावायचे. मशीनमधून पानं वळीनंच निघत्यात. एक, दोन, तीन, परत एक. तीन तीन घ्यायची, ठोकून सरळ करायची, कोपऱ्याला पिन मारायची. झाला सेट. नवरा टेम्पोवर, लातूर-नांदेड, नांदेड-लातूर, कधी घरी कधी न्हाई. पगार कमी घेत होते मी, त्याच्या बदल्यात ते लोक सोनीला क्लासात बसू देत होते. त्या दिवशी परीक्षा होती. जी पोरं त्यात निघतील त्यांना म्होरल्या वर्षी समदं फुकट शिकवणार होते. सोनी बसणार होती. मी चोर ठरले की माझं काम जाणार आन् सोनीचं नाव कटणार. एवढं मला उभ्याउभ्या दिसत होतं.

क्लास तिसऱ्या मजल्यावर. मी किल्लारीकडच्या गावची. भूकंप झाला तवा सात वर्षांची होते. घराचं मातीचं छत, माळवद, खाली बसलं. धाकटा भाऊ त्याच्याखाली ऱ्हायला. तवापासून डोक्यावर स्लॅब आला की माझी मान आपोआप आत जाती. खालच्या दुकानाचा जनरेटर सुरू झाला की वरची फरशी थरथरती, आन् मी हातातलं टाकून दाराच्या चौकटीत. पोरं हसायची. "मावशी पळाली! मावशी पळाली!" मावशी. सव्वीस वर्षांची हाय मी.

गणिताचं भ्या बी तिकडचंच. भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. चौथीत गुरुजींनी भाग जातो का न्हाई ते वळखायच्या कसोट्या शिकवल्या. दोननं जातो का बघायचं तर शेवटचा आकडा बघा. पाचनं जातो का बघायचं तर शेवटचा आकडा बघा, शून्य नायतर पाच. मला लई सोपं वाटलं. गुरुजींनी विचारलं, "तेराला तीननं भाग जातो का?" मी समद्यांच्या आधी हात वर केला.

"जातो गुरुजी. शेवटी तीन हाय."

गुरुजी म्हणले, "हिच्या डोक्यावर माळवद पडलंय वाटतं."

निम्म्या वर्गाच्या घरातलं माणूस गेलेलं. तरी समदे हसले. मी बी हसले. तेच अजून टोचतंय, की मी बी हसले. त्यानंतर हात वर केला न्हाई. सातवीत शाळा सुटली. सोळाव्या वर्षी सोनी मांडीवर.

ह्या परीक्षेच्या महिनाभर आधीची गोष्ट. भाकरी करत होते. सोनी म्हणली, "माय, तीनला शेवटचा आकडा बघायचाच न्हाई. समद्या आकड्यांची बेरीज करायची. बेरजेला तीननं भाग गेला की आख्ख्या संख्येला जातो."

"खोटं."

"सरांनी सांगितलंय."

"सर सांगतेत म्हणून काय झालं?"

"मंग तूच करून बघ की! म्हणं खोटं."

केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लास रिकामा होता. बाद झालेली पानं घेतली, मोजून एकशे अकरा. एक आन् एक आन् एक, तीन. भाग जायला पायजे. तीन ढीग लावले, एक हितं, एक तितं, एक तितं. सदतीस, सदतीस, सदतीस. काय उरलं न्हाई. पर का? बेरजेला काय ठावं ढिगात काय हाय ते?

मंग दहा पानं घेतली. तीन ढिगांत वाटली. तीन, तीन, तीन. एक उरलं. शंभर घेतली. तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस. परत एक उरलं. मी तिथंच फरशीवर बसले. म्हणजे दर दहामागं एक उरतंय, दर शंभरामागं एक उरतंय. दोनशे चाळीस म्हणजे दोन शंभराचे दोन उरले, चार दहाचे चार उरले. दोन आन् चार सहा. सहा तर तिघांत वाटून जातेत! बेरीज म्हणजे उरलेल्यांची बेरीज. बाकीचं आधीच वाटून झालेलं असतंय. आन् तेरा? दहाचं एक उरलं, वरचे तीन, झाले चार. न्हाई जात. तेराचं कळायला मला सोळा वर्सं लागली.

घरी जाऊन सोनीला सांगितलं. म्हणलं, "हे असं का होतं ते सरांनी का न्हाई सांगितलं?"

"सरांना टाईम नस्तो माय."

तर त्या दिवशी. सोनीच्या वह्या फरशीवर, मॅडमचा हात कमरंवर, रांगेतली एक बाई दुसरीच्या कानात काय तरी सांगती. सर आतनं आले. क्लास त्यांचाच. "काय झालं?" मॅडम म्हणल्या, "पेपर चोरलाय हिनं." सरांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "नाव कापा पोरीचं. पेपरला उशीर नको."

सोनीनं माझा हात धरला.

मशीनपाशी डबा होता, त्यात कागदाच्या रिमेची दोन रिकामी वेष्टनं. मीच टाकलेली. मशीनवाला कागद संपला तसा मशीन बंद करून चहाला गेलता. माझ्या डोक्यात एकदम आलं. दहाचं एक उरतंय. शंभराचं एक उरतंय.

"सर, किती रिम दिलत्या?"

"दोन. का?"

नेमका तवाच खालचा जनरेटर सुरू झाला. फरशी थरथरली. माझे पाय दाराकडं निघाले. मी टेबल धरलं. दोन्ही हातांनी धरलं.

"एका रिमेत पाचशे पानं. दोनीची हजार. एकावर तीन शून्यं, बेरीज एक. हजाराला तीननं भाग जात न्हाई. तीनशे तेहेतीस सेट व्हत्यात आन् एक पान उरतंय. ते तुमच्या टेबलावर हाय. म्होरली दोन पानं छापलीच न्हाईत."

आवाज माझा व्हता का कुणाचा, मला कळलं न्हाई. मॅडमनी मोबाईलवर बोटं मारली. परत मारली. रांगेतले एक फेटेवाले बाबा बोलले, "बरोबर हाय ओ बाईचं." दोन पानांची झेरॉक्स. तेवढंच लागणार होतं.

सर हसले. मला वाटलं आता म्हणतेल, चुकलं आमचं. तर ते पालकांकडं वळले. "बघा! आमच्या क्लासात झाडणारी मावशी सुद्धा विभाज्यतेच्या कसोट्या शिकते! असं वातावरण हाय हितलं!" टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. "मावशी, तुझा फोटो लावू बॅनरवर."

मी धरलेलं टेबल सोडलं.

"टाळ्या नकोत सर. ह्यांच्या म्होरं म्हणा, हिनं चोरी केली न्हाई."

"झालं ना आता. सोडून दे."

"ह्यांच्या म्होरं पदर झटकायला लावला. ह्यांच्या म्होरंच म्हणा."

सरांचं हसू गेलं. जवळ येऊन हळू बोलले, "ताणू नको. पोरगी फुकट शिकतीय हितं, ध्यानात ठेव."

"फुकट न्हाई. मी झाडते."

ते आत गेले. मॅडम म्हणल्या, "उद्यापासून येऊ नको." मी खाली बसले, वह्या गोळा केल्या, कंपासपेटी लावली. तिचं झाकण बसंना. सोनीनंच बसवलं. म्हणली, "माय, मी बसू का नको?"

तिला घेऊन जिना उतरावा असं लई वाटलं. पर ती गेली असती तर ते म्हणले असते, बघा, पळाली.

"बस," मी म्हणले. "तुझं नाव अजून कापलं न्हाई. तुझ्या नंबरावर जाऊन बस."

दोन तास मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभी होते. जनरेटर दोनदा लागला. खाली उतरले न्हाई.

आठ दिवसांनी यादी लागली. सोनीचं नाव न्हाई. मी म्हणले, पेपर दाखवा. ते म्हणले, दाखवत नस्तेत. चार दिवस गेले दारात, चारीबी दिवस तेच.

उद्या तिला घेऊन दुसऱ्या क्लासात जाणार. तिथं बी तिसरा मजला हाय, बघून आले. झाडायला ठेवा म्हणणार. आन् पहिल्याच दिवशी, समद्यांच्या म्होरं, त्यांना सांगणार. काय कमी पडलं तर आधी मोजा. माझ्या म्होरं मोजा. मोजल्याबिगर माझ्या अंगाला आन् माझ्या पोरीच्या दप्तराला हात लावायचा न्हाई. आवाज कापणार हाय माझा. ठावं हाय मला. कापत्या आवाजात सांगीन.