मागे कोण उभं राहणार?

चौदा वर्षं ती कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पायरीवर उभी राहिली, म्हणून डेपोत तिला सगळे 'मागची' म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. एकदा मी मुकादमाला त्यावरून चांगलं झापलं, तर हीच मध्ये पडली. "असू दे हो ताई, मागेच तर असते मी."

आता या बाईचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

तिचं काम म्हणजे गल्लीतले डबे गाडीत उलटे करायचे, आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून ड्रायव्हरला हाळी द्यायची. "येऊ दे, येऊ दे, डावीकडं जरा, येऊ दे… बस!" ते 'बस' तिच्यासारखं कुणालाच जमत नाही. भिंत आणि गाडी यांच्यात चार बोटं उरली की ते तिच्या तोंडून सुटलंच म्हणून समजा. तिच्या हाळीवर मागे आलेल्या गाडीला चौदा वर्षांत एक ओरखडा नाही. ड्रायव्हर लोक ती आपल्याच गाडीवर यावी म्हणून भांडतात. आणि तिला विचाराल तर म्हणते, "मला काय येतंय? गाडी तर ते चालवतात."

डेपोतल्या आम्हा बायकांना ड्रायव्हरची जागा मिळावी म्हणून आम्ही तीन वर्षं भांडलो. मी सातवीत शाळा सोडलेली. नियम वाचायला शिकले ते कचेरीच्या बाकावर बसून. शेवटी कागद निघाला. एक जागा, बाईसाठी, डेपोची परीक्षा पास झाली तर. नापास झाली, तर 'योग्य महिला उमेदवार मिळाली नाही' असा शेरा मारून जागा परत पुरुषांच्या यादीत. आणि जड गाडीचा परवाना असलेली बाई सगळ्या डेपोत एकच. कोण? ही!

परवाना तिनं नवऱ्याच्या हट्टानं काढला होता. नवरा बेकरीत भट्टीवर असतो, वर्षाला चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक हे होतं. शिकवणारे मास्तर शेजारी बसून "वळव" म्हणाले की ही वळवायची, "थांब" म्हणाले की थांबायची. सरळ रस्त्यावर गाडी अशी नेते की हातातल्या कपातला चहा हलणार नाही. पण रिव्हर्स टाकला की पाय ब्रेकवरून निघत नाही.

"ताई, मागे कोण उभं राहणार?"

"परीक्षेत कुणी नसतं. आरशात बघून घ्यायची."

"आरशात बरोब्बर मागचं दिसतच नाही."

"मग बाकीचे ड्रायव्हर काय डोक्याला मागे डोळे लावून येतात?"

"त्यांच्या मागे मी असते ना."



रविवारी चर्चमधली उपासना सुटली की रिकाम्या डेपोत सराव करायचा, असं ठरवलं. मागे मी उभी. दुसऱ्याच रविवारी गाडी कँटीनच्या पाइपावर गेली आणि पाइप वाकला. ही केबिनमध्येच रडायला लागली. "बघितलंत? मी म्हटलं होतं." खरं सांगायचं तर माझं 'बस' उशिरा निघालं होतं. ते मी तिला लगेच सांगायला हवं होतं. मी चार दिवसांनी सांगितलं, आणि तोवर तिनं ते पुरतं मनाला लावून घेतलं होतं.

तिच्या घरी गेले, तर तिची नणंद भाजी निवडत बसलेली. मला बघून मुद्दाम म्हणाली, "वहिनी, आरसा केस विंचरायला असतो. त्यात बघून तू गाडी चालवणार?"

"आणि तोंड जेवायला असतं," मी म्हटलं, "तुझ्या तोंडातून काय काय बाहेर पडतंय बघ."

तर ही माझाच हात दाबते. "खरंच बोलते ताई ती. प्रभूच्या लेकरानं आपली पायरी ओळखून राहावं."

पायरी! गाडीची मागची पायरी हिनं थेट देवाच्या दारात नेऊन ठेवली. मी खूप बोलले. म्हटलं, याला नम्रता म्हणत नाहीत, याला भिणं म्हणतात. देवानं दिलेल्या हातांना रोज उठून 'टाकाऊ' म्हणायचं आणि वर त्याचंच नाव घ्यायचं! ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "चहा टाकू?"

गुरुवारी पाळकसाहेबांच्या घरी प्रार्थनेला बसलो. एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. तिची पाळी आली. "प्रभू, ही परीक्षा रद्द होऊ दे. रद्द नसेल होत, तर त्या परीक्षकसाहेबांना ताप येऊ दे. जास्त नको. दोनच दिवस." कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले, नाहीतर तिथंच तिचा गळा धरला असता.

आणि शनिवारी फळ्यावर नोटीस. परीक्षकांची तब्येत बरी नसल्यानं परीक्षा आठ दिवस पुढे.

मला वाटलं, आता ही नाचेल. पण तिचा चेहरा पांढराफटक. "ताई, मी त्यांना आजारी पाडलं." झालं! आता हे नवीन. मी तिला ओढतच पाळकसाहेबांकडे नेलं. म्हातारा अंगणात सायकलचं पंक्चर काढत होता, ट्यूब पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे बघत. तिनं सगळं सांगितलं.

"त्यांना ताप तुझ्या प्रार्थनेनं आला असं वाटतं तुला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे धडधाकट माणूस अंथरुणाला खिळवण्याइतकं बळ तुझ्या प्रार्थनेत आहे, आणि गाडी चार हात मागे घेण्याइतकं नाही?"

ती बादलीतल्या बुडबुड्यांकडं बघत राहिली. 

"ताप कुणाला कसाही येतो बाई, तो तुझ्या खात्यात धरू नकोस. पण आधी त्या माणसाला बरं कर म्हणून माग. सुटका तू पुष्कळ मागितलीस, आता बळ माग. ते आपल्याजवळ नसतंच, म्हणून तर मागायचं. ती पिन दे जरा इकडं."

तीन महिने मी घसा फोडला, आणि या माणसानं बादलीतून हात न काढता काम केलं. राग आला मला. अजून येतो.

आठ दिवस तिनं काय मागितलं ते मला सांगितलं नाही. परीक्षेच्या सकाळी मैदानाच्या गेटवर भेटली.

"मिळालं का बळ?"

"अजून नाही."

"अगं मग?"

"आत बसल्यावर देईल. चढायला तर आधी मलाच पाहिजे ना?" म्हणाली, आणि चढली.

दोन सिमेंटचे खांब, मागे भिंत. त्यामधून गाडी मागे न्यायची आणि भिंतीला न लावता जवळ उभी करायची. परीक्षक गळ्याला मफलर गुंडाळून, नाक पुसत उभे. मी कठड्याच्या बाहेर. गाडी अर्धी आत आली आणि थांबली. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. माझ्या तोंडात 'येऊ दे' आलंच होतं, तेवढ्यात परीक्षक वळले. "बाई, तुमच्या तोंडून शब्द निघाला तर त्या नापास." मी ओढणी दातात धरली.

तिनं काच खाली केली. तिचे ओठ हलत होते. मग एकदम आवाज आला, तोच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा, चौदा वर्षं दुसऱ्यांना दिलेला. "येऊ दे… येऊ दे… उजवीकडं जरा… येऊ दे…" स्वतःच चालवत होती आणि स्वतःच हाळी देत होती. खांब मागे पडले. भिंत जवळ आली. मी डोळे मिटले.

"बस!"

परीक्षक वाकून भिंतीपाशी गेले, हात घातला. चार बोटं. नाक पुसत पुढे आले. "बोलत कुणाशी होता तुम्ही?"

"मागे उभा होता त्याच्याशी."

परीक्षकांनी मागे बघितलं. भिंत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग कागदावर काहीतरी लिहिलं. "पास. गाडी डेपोत नेऊन लावा."

ती खाली उतरली, डोळे पुसले, "जी साहेब" म्हणाली आणि सरळ चालत जाऊन मागच्या पायरीवर उभी राहिली. दांडा धरला. निघायची वाट बघत.

"अगं बाई," मी कठड्यावरून ओरडले, "आता चालवणार कोण?"