सात किलोचं माहेर

साडीची घडी घालताना हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. म्हणून आमच्या कतारगामच्या कारखान्यात साड्यांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. साड्या निदान संध्याकाळी पार्सलमध्ये निघून जातात. किस्से आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा उलगडतो आणि पुन्हा घडी घालून ठेवतो. सध्या सगळ्यात वर आहेत ते लताचे.

लता माझ्या शेजारी बसते. मूळची धुळ्याकडची, आता कोसाडला राहते. तिची लेक ज्योती बंगळूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी पोरीला प्रवास करू नको म्हणून सांगितलं. जावयाने लताला विमानाचं तिकीट पाठवलं. त्यावर सामान फक्त हातातलं, सात किलो.

"म्हणजे माहेर मलाच न्यायचंय," लता म्हणाली, "आणि तेही सात किलोत!"

*

दुसऱ्या दिवशी ती सूटकेस भरून कारखान्यातच घेऊन आली. पार्सलं बांधणाऱ्या करसनकाकांनी ती वजनकाट्यावर ठेवली. एकोणीस किलो!

"लताबेन," काका त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "आ तो आखी दुकान छे!"

सूटकेस रिकामी करून पुन्हा ठेवली. ती एकटीच अडीच किलो भरली.

"माय वं!" लता म्हणाली. "हिने अजून काही खाल्लंही नाही!"

मग काकांनी पार्सलच्या कापडाची पिशवी शिवून दिली. हलकी, जणू नाहीच.

*

आमच्यात विमानात बसलेली एकटी सुनंदा. एकदाच बसली, पण तेवढ्यावर ती आमची एअर होस्टेस. तिने नियम सांगितला, "अंगावरच्या कपड्यांचं वजन करत नाहीत."

लताने दुपारच्या सुट्टीत एकावर एक तीन साड्या नेसून पाहिल्या. छान दिसत होती, देवळातल्या देवीसारखी. फक्त तिला बसता येईना.

"सुनंदा, विमानात उभ्याने जाता येतं का गं?"

*

लोणचं जाणार नाही, असं सुनंदाने सांगितलं. बरणी आमच्या डब्यांच्या वाट्याला आली. तूपही चालत नाही म्हणाली.

लताने तुपाचा डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "ते सगळं डिंकाच्या लाडवांत घालते. काढून दाखवा म्हणावं!"

*

राहिली गोधडी. लताने सहा महिने शिवलेली, तिच्याच जुन्या साड्यांची. जांभळा तुकडा ज्योती पोटात असतानाचा, पोपटी तिच्या बारशाचा, आणि मधला विटका गुलाबी तिला सासरी पाठवलं त्या दिवशीचा. खिडकीतल्या उन्हात धाग्यांची बारीक रुई तरंगत होती. आम्ही गोधडीवर नुसता हात फिरवत बसलो. साड्यांचं काम करणाऱ्या बायका, पण इतक्या मऊ साड्या आमच्या हाताखालून कधी गेल्या नव्हत्या.

ती पिशवीत मावेना. मग आम्हाला सुचलं, पार्सल दाबायच्या प्रेसमध्ये घालू! काकांनी चाक फिरवलं. गोधडी निम्मी झाली, पाव झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

काट्यावर ठेवली. आधीही तीन किलो, आताही तीन किलो!

लताने पिशवीतून स्वतःच्या तीन साड्या काढल्या आणि गोधडी आत ठेवली. "मला काय, ज्योतीचे गाऊन आहेत," म्हणाली.

काटा बरोबर सातवर थांबला.

*

पिशवीला चेन नव्हती. काकांनी मायेने दाभण घेतलं आणि सवयीप्रमाणे तोंड सुतळीने शिवून टाकलं. वर मार्करने लिहिलं, 'बेंगलोर. पाणीथी बचावो.'

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी पिशवी उघडायला सांगितली. लताने सरळ विचारलं, "बेटा, कैंची है?"

"माताजी," बाई म्हणाल्या, "यहाँ कैंची हम लेते हैं, देते नहीं!"

लताने सुतळी दातांनी तोडली.

*

त्या दिवशी विमानाच्या वेळेला आम्ही सगळ्या गच्चीवर गेलो. आकाश धुतलेल्या मलमलीसारखं. फार लांबवर एक विमान दिसलं, बोटाच्या नखाएवढं. आम्ही हात हलवले. कुणाचं होतं, देव जाणे.

"तिचंच," सुनंदा म्हणाली. "बघा की, लाडवांनी कसं खाली आलंय!"

*

दोन महिन्यांनी लता परत आली. ज्योतीला मुलगी झाली. गोधडी तिथेच राहिली, पोरगी तिच्याशिवाय झोपत नाही म्हणे. कापडी पिशवी हातात लोंबत होती.

"लताबेन, शुं लाव्या?" काकांनी विचारलं.

तिने पिशवीतून नातीचं एक झबलं काढलं. तळहाताएवढं, न धुतलेलं, आमच्या साडीसारखी घडी घातलेलं. ते आमच्या रांगेतून फिरलं. प्रत्येकीने नाकाशी धरलं आणि पुढे दिलं. बराच वेळ कुणाच्याही हातात साडी नव्हती.

शेवटी ते काकांकडे पोहोचलं. त्यांनी दोन्ही हातांनी ते काट्यावर ठेवलं. आकडा हलला नाही. शून्य.

लताने वाकून पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "तुमचा काटा बिघडलाय!"