मला बोट लागली

जोतिबावर माझी लहानपणापासूनची श्रद्धा, पण त्या दिवसांत मी त्याच्याशी अबोलाच धरला होता. आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन लवकर करा, चालढकल जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि तुर्भ्याच्या मार्केटात उभा जन्म पोती वाहिलेला हा माणूस "मला कुणी फाडायचं न्हाई" एवढंच पालुपद लावून सोफ्यावर बसला होता. लेक रडली, मी अन्न टाकलं, काही उपयोग नाही. शेवटी मी म्हटलं, देवाचा कौल घेऊ, तो तरी मानाल का? तर हे गालात हसले आणि म्हणाले, समुद्रात देवमासा दिसला तर देवाचा होकार समजायचा; मग कुठं न्यायचं तिथं न्या.

लबाडी माझ्या लक्षात आली होती. आपल्या खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात, देवमासा कुठला दिसायला? पण मीही साताऱ्याची आहे. ज्या माशाच्या नावातच देव आहे तो देवाचं ऐकणार नाही तर कुणाचं, असं म्हणत मी जोतिबाला नवस बोलले. डॉक्टरांना विचारून लेकीने उरणच्या मोरा बंदरातून डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी ठरवली.

हे फळीवर टोपी सावरत पाहुण्यासारखे ऐटीत बसले. मी मात्र पदर खोचून पाण्यावर डोळे लावलेले. प्रत्येक लाटेत मला देवमाशाची पाठ दिसत होती आणि प्रत्येक वेळी ती लाटच निघत होती. उघड्या पाण्यात आल्यावर होडी हलायला लागली आणि एवढं टक लावून बघणं मला भोवलं. मला बोट लागली. पोटात असं ढवळून आलं की कडेला वाकून मी सकाळचे पोहे समुद्राला वाहून टाकले.

नेमके तेव्हाच होडीवाले तांडेल ओरडले, "गादा हाय, गादा! उजवीकरं बघा!" त्यांच्या बोलीत गादा म्हणजे डॉल्फिन. सगळे मोबाईल घेऊन उठले. करड्या पाठी होडीच्या अगदी जवळून गेल्या, त्यांचा श्वासही ऐकू आला, असं लेकीने नंतर सांगितलं. मला काही दिसलं नाही आणि ह्यांनाही नाही. मी डाव्या कडेला वाकलेली आणि हे उजवीकडे पाठ करून उभे होते, एक हात माझ्या कपाळावर, दुसऱ्या हाताने माझी वेणी मागे धरलेली.

तोंड धुऊन मी वर पाहिलं तर पाणी सपाट झालं होतं. मला रडूच कोसळलं. देवमासा तर नाहीच, साधा गादासुद्धा माझ्यामुळे ह्यांना दिसला नाही. देवाचा कौल माझ्या पोटानेच बुडवला. शेजारी एक अनोळखी बाई एकटीच आली होती. तिने पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. मग ह्यांच्याकडे बघून सहज म्हणाली, "काका आहेत ते बरंय. मला बोट लागली की आता मीच माझं कपाळ धरते."

परतीच्या वाटेवर हे माझ्याशेजारी येऊन बसले. धक्का दिसायला लागला तेव्हा पाण्याकडे बघतच म्हणाले, "म्या न्हाई राहिलो तर तुझं कपाळ कोण धरंल गं? लाव त्या डॉक्टरला फोन."

ऑपरेशन नीट पार पडलं. नवस फेडायला डोंगरावर गेले तेव्हा जोतिबापुढे मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी मासा मागितला होता आणि त्याने माझं पोट ढवळलं. ती बाई पुन्हा कधी भेटली नाही, पण दिवा लावताना तिची आठवण होते. आता मी देवाकडे मागते, पण कसं द्यायचं ते त्याच्यावर सोडते.

लेक म्हणते, पुन्हा एकदा जाऊ. मी लगेच आवळासुपारीची डबी आणून ठेवली. ह्यांनी ती उचलून परत फडताळात टाकली.

"हिचं काय काम? म्या हाय की."